लेपर्ड गेकोची जोडी लावायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

चांदणी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन लेपर्ड गेको (ठिपक्यांच्या पाळीव पाली) आहेत, वय दोघांचंही १४ महिने. अगदी लहान असल्यापासून एकाच टाकीत वाढलेत. विकणाऱ्याने नर-मादी म्हणूनच दिले होते. राजाचं वजन ५८ ग्रॅम, राणीचं ४१. यंदा पिल्लं घ्यावीत असं मनात आहे. मादी तयार झाली हे कशावरून ठरवायचं? वजन, वय की शेपूट? हाताशी पैसे बेताचेच आहेत, एकच काहीतरी मोठं घेता येईल. त्यामुळे अंडी उबवायचं महागडं यंत्र, इन्क्युबेटर, कृपया सुचवू नका.

रातकिडा
४१ म्हणजे अजिबात नाही. ४५ च्या खाली मादीला नर दाखवूसुद्धा नये. माझी ४७ ग्रॅमची असताना सोडली, हंगामात ५ वेळा अंडी दिली, दर वेळी दोन, एकदाही त्रास झाला नाही. आणि इन्क्युबेटरमध्ये काटकसर करू नका. थोडे थांबा, पैसे साठवा, पण डिजिटलच घ्या. माझ्याकडचं तीन वर्षं चालू आहे, तापमान जागचं हलत नाही.

शेपूटवाला
४५ काय आणि ४७ काय, दोन्ही कमीच. मी ५० च्या खाली कधीच जात नाही. मादी दर तीन-चार आठवड्यांनी दोन अंडी देते, चार-पाच खेपा सहज होतात, एखादी आठ-दहापर्यंतही जाते. तेवढ्या दिवसांत बऱ्याच जणी खाणं कमी करतात, म्हणजे सगळा भार शेपटीतल्या चरबीवर आणि हाडांतल्या कॅल्शियमवर. वरून बघा, शेपूट मानेइतकी जाड नसेल तर काट्यावर काहीही आकडा येवो, नाही म्हणजे नाही.

दोनअंडी
माझा अनुभव वाचा आणि मग ठरवा. माझी मादी १० महिन्यांत ५१ ग्रॅम झाली होती. शेपूट भरलेली, खाणं उत्तम. सगळे म्हणाले तयार आहे, मीही नर सोडला. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या वेळी ती ओल्या मॉसच्या (शेवाळाच्या) डब्यात रात्रभर मागच्या पायांनी उकरत राहिली. मधेच थांबायची, पोट टेकून पडायची, परत उकरायची. सकाळी डोळे खोल गेले होते. अंडं अडकलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण ती वाचली नाही. शरीर अजून वाढत असताना मी तिच्याकडून अंडी घेतली, हे मला आजही सलतं. वजन ५० च्या वर हवंच, पण दीड वर्षाच्या आत जोडी लावू नका.

रातकिडा
वाईट वाटलं वाचून. पण यात वयापेक्षा कॅल्शियम कमी पडलं असण्याची शक्यता जास्त. डी३ जीवनसत्त्व देत होतात का? उबदार बाजूला जमीन किती गरम होती?

दोनअंडी
दर खाण्याला किडे कॅल्शियममध्ये घोळवून देत होते, डी३ सकट. उबदार बाजू ३२-३३ अंश. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होतं हो.

थर्मोस्टॅट
वजनाबद्दल वर सगळ्यांनी लिहिलंच आहे, ५० हवं. मी अंड्यांबद्दल सांगतो. पिल्लू नर होणार की मादी, ते तापमान ठरवतं. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या, ३१ ते ३२.५ च्या आसपास नर जास्त, आणि ३४ च्या पुढे पुन्हा बहुतेक माद्याच. अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करा आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवा. एकदा आत गर्भ चिकटला की अंडं उलटलं तर तो मरू शकतो. थर्मोकोलचं खोकं, हीट मॅट आणि चांगला थर्मोस्टॅट एवढ्यातही भागतं. अर्थात मी दोन इन्क्युबेटर वापरतो, एक नरांसाठी, एक माद्यांसाठी. एकदा सवय झाली की खोक्याकडे परत जावंसं वाटत नाही.

शेपूटवाला
३४ अंशांवर मुद्दाम उबवू नये, एवढं तरी लिहा. त्या माद्या अंगावर येतात आणि बऱ्याचदा पुढे अंडीही देत नाहीत.

थर्मोस्टॅट
उबवा असं मी कुठे म्हटलं? कसं घडतं ते सांगितलं.

मॉर्फवाला
कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो, मॉर्फ, म्हणजे रंगाचे प्रकार, कोणते? अल्बिनोचे तीन वेगळे प्रकार आहेत, ट्रेंपर, रेनवॉटर आणि बेल. त्यांची आपसात सरमिसळ केली की पिल्लं साध्या रंगाची निघतात आणि पुढे कुणात काय दडलंय ते कळत नाही. एनिग्मा असेल तर पिल्लं घेऊच नका. त्यातली बरीच मान वाकडी करून गोल गोल फिरत राहतात, समोरचा किडा त्यांना धरता येत नाही. लेमन फ्रॉस्ट तर नकोच. त्यातल्या बहुतेकांच्या कातडीत गाठी होतात, आणि २०२१ च्या संशोधनात हा दोष स्पिंट-१ या जीनशी जोडलेला आढळला.

रातकिडा
माझ्या ओळखीच्यांकडे लेमन फ्रॉस्ट आहे, चार वर्षांचा, ठणठणीत.

मॉर्फवाला
एक ठणठणीत दिसला म्हणून पुढच्या पिल्लांना तो दोष का द्यायचा? यावर मी मागे हटणार नाही.

चांदणी
माझे दोघेही साधे पिवळे, काळ्या ठिपक्यांचे. सगळ्यांचे आभार. म्हणजे राणी ५० ची होईपर्यंत थांबायचं असं समजू का? ती पाच महिने ४० च्या आसपासच अडकली आहे, त्याचं काय करू?

शंकासुर
चांदणीताई, ४५ आणि ५० च्या वादात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. नर-मादी १४ महिने एका टाकीत असतील तर तुम्ही वेळ ठरवायला तो थांबला नसता. नर वयात आला की शेपटीचं टोक थरथरवत मादीमागे लागतो, मानेला दातांनी धरतो. राणीच्या मानेवर कधी खुणा दिसल्या? तिने एकदा तरी अंडी घातली? नसतील तर आधी राजा नर आहे का ते बघा. उलटं धरू नका, घाबरला तर शेपूट टाकेल. पारदर्शक डब्यात ठेवा आणि खालून फोटो काढा. नराला शौचाच्या छिद्राच्या वर उलट्या व्ही आकारात ठळक छिद्रांची रांग असते, त्यात मेणासारखं काहीतरी दिसतं, आणि छिद्राखाली शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे. मादीला ती रांग पुसट असते, फुगवटे नसतात.

चांदणी
खुणा कधीच नाहीत, अंडीही नाहीत. दोघांचे फोटो टाकलेत. राजाचे फुगवटे मला तरी दिसत नाहीत. पण त्याच्या पोटात कातडीखाली दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे गुलाबी गोल दिसताहेत. हा आजार तर नाही ना? फार काळजी वाटते आहे.

शंकासुर
आजार नाही. ते अंडाशयातले बलक आहेत, पूर्ण वाढलेल्या मादीत असे दिसतात. राजा मादी आहे, आणि राणीही मादीच आहे.

रातकिडा
मग तर प्रश्नच मिटला! ५८ ग्रॅम, १४ महिने, बलक तयार. याहून चांगली वेळ नाही. नर आणा.

मॉर्फवाला
नर घ्याल तर ट्रेंपर अल्बिनो घ्या. पहिल्या पिढीत रंग दिसणार नाही, पण पुढे फळ मिळेल.

दोनअंडी
नर कुठूनही आला तरी दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा आणि शीची क्रिप्टो (आतड्यातला परजीवी) तपासणी करून घ्या. ती लागण एकदा टाकीत शिरली की शेपूट काडीसारखी होते आणि जनावर हातचं जातं, खात्रीचा इलाज नाही. आणि राजा अजून दीड वर्षाची नाही, हे विसरू नका.

शेपूटवाला
धागा पूर्ण वाचला नाही, पण ४१ ग्रॅमवर जोडी लावू नका. ५० तरी हवेत.

शंकासुर
नर आला नाही तरी राजा अंडी घालू शकते, फलित नसलेली. त्यामुळे ओल्या मॉसचा डबा आणि कॅल्शियम आजपासून ठेवा. आणि राणीचं वजन का अडकलंय ते आता उघड आहे. उबदार लपायच्या जागेत रोज कोण झोपतं ते पाहा. दोघी भांडताना दिसत नसल्या तरी मोठी धाकटीला ऊब आणि किडे दोन्ही मिळू देत नाही.

चांदणी
आज सात आठवड्यांनी लिहिते आहे. नर घेतला नाही, इन्क्युबेटरही नाही. जे एक मोठं काही घेता येणार होतं, ते म्हणजे राणीसाठी वेगळी टाकी. दोन दिवस रोज रात्री बसून पाहिलं होतं. राजा उबेत आडवी पसरायची आणि राणी थंड कोपऱ्यात पाण्याच्या वाटीमागे. मी इतके महिने समजत होते की तिला तीच जागा आवडते.

नव्या टाकीत पहिले तीन दिवस ती बाहेरच आली नाही. चौथ्या रात्री एका बैठकीत सात रातकिडे खाल्ले. आज काट्यावर ४८ आहे.

राजाने मागच्या आठवड्यात मॉसच्या डब्यात दोन अंडी घातली, पिवळसर, मऊ, दुसऱ्या दिवशी चेपलेली. वजन ६० वरून ५४ वर आलं, पण त्याच रात्री खाल्लंन. दर खाण्याला कॅल्शियम देते आहे.

रातकिडादादा, मॉर्फवाले, तुम्ही मनापासून सांगितलंत, पण पिल्लं घ्यायची नाहीत असं ठरवलंय. प्रत्येक पिल्लाला पुढे वेगळी टाकी लागणार आणि मला दोनच नीट सांभाळता येतात. राजाचं नाव मात्र राजाच ठेवलंय.

आता एकच विचारायचं आहे. तिची दुसरी खेप येणार असेल तर आत्ताच पोटात काही दिसायला हवं का? कालचा फोटो खाली टाकते आहे.