पाच-सहा सर्व्हिस चालवायला सिस्टमडी कशाला? रनइट पुरे

खटपट्या
ज्या मशीनवर वेब सर्व्हर, डेटाबेस आणि चार वर्कर एवढाच कारभार आहे, तिथे रनइट भागवतं. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणं आणि चालू ठेवणं, हे सिस्टमडीचंही काम आणि रनइटचंही. प्रत्येक सर्व्हिसची एक डिरेक्टरी, आत 'रन' नावाची स्क्रिप्ट. प्रोसेस मेली की रनएसव्ही (रनइटचा पहारेकरी प्रोग्राम) ती परत उठवतं. उठता उठता मेली तर एक सेकंद थांबून. पालक रनएसव्हीच असल्यामुळे पीआयडी फाइलची (प्रोसेसचा नंबर लिहून ठेवणाऱ्या फाइलची) भानगडच नाही.

उलटतपासणी
असहमत. रनएसव्ही पोटच्या पोराला ओळखतं, नातवंडांना नाही. डीमन (मागे राहून काम करणारा प्रोग्राम) नवी प्रोसेस काढून स्वतःच बॅकग्राउंडला गेला की मूळ प्रोसेस संपते. रनएसव्ही दुसरी प्रत उठवतं, पोर्ट आधीच अडलेला, तीही मरते. दर सेकंदाला हाच तमाशा. सिस्टमडी अख्खं खानदान एका सी-ग्रुपमध्ये (कर्नल सांभाळतं अशा प्रोसेसच्या गटात) ठेवतं. थांबवताना सगळ्यांना सिगटर्म ('आवरा' असा सिग्नल), ९० सेकंदांत गेले नाहीत तर सिगकिल (सक्तीने ठार).

खटपट्या
बहुतेक डीमनना फोरग्राउंडचा (बॅकग्राउंडला न जाण्याचा) फ्लॅग असतो, तो द्या. खरी गोची वेगळीच: लोक 'रन'च्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' (शेलच्या जागी अ‍ॅपच बसवणारी कमांड) विसरतात. मग पोर ठरतं ते स्क्रिप्ट चालवणारं शेल. 'एसव्ही डाउन' (सर्व्हिस थांबवायची कमांड) दिलं की सिगटर्मने शेल मरतं आणि अ‍ॅप अनाथ होऊन चालूच राहतं.

बाकी सिस्टमडीचे डीफॉल्टही बघा. 'रिस्टार्ट' चालू केलं तरी दोन प्रयत्नांत जेमतेम १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत ५ वेळाच. डेटाबेसला उठायला अर्धा मिनिट लागला तर अ‍ॅप तोवर पाचही प्रयत्न उडवून 'फेल्ड' होऊन बसलेलं.

तिसरी_बाजू
'रिस्टार्टसेक' (दोन प्रयत्नांतलं अंतर) ५ सेकंद करा, ती मर्यादा लागतच नाही. पण मुळात अ‍ॅप डेटाबेसच्या आधी उठतंच का? 'रिक्वायर्स'ने नुसती गरज कळते, क्रमासाठी 'आफ्टर' वेगळं लिहावं लागतं. शिवाय टाइप 'सिंपल' असेल तर प्रोसेस जन्मली की सर्व्हिस 'सुरू' धरली जाते, पोर्ट उघडो न उघडो. 'नोटिफाय' हवं, म्हणजे तयार झाल्याचं अ‍ॅपच कळवतं. रनइटला हे कळवायची सोयच नाही. 'चेक' स्क्रिप्टने 'तयार झालं का' असं पुन्हा पुन्हा विचारत बसायचं, तेही डीफॉल्ट ७ सेकंदच. एस६ (रनइटसारखंच तिसरं साधन) मला म्हणून आवडतं: तयार झालं की अ‍ॅपने ठरलेल्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलच्या क्रमांकावर) एक न्यूलाइन लिहायची, झालं.

उलटतपासणी
'एक्झेक'चं मान्य. पण ती न्यूलाइन काय किंवा 'नोटिफाय' काय, अ‍ॅपनेच पाठवायची ना? जुनी अ‍ॅप्स दोन्ही पाठवत नाहीत. तिथे सिस्टमडीच्या 'एक्झेकस्टार्टपोस्ट'मध्ये (सर्व्हिस सुरू झाल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) पोर्ट उघडेपर्यंत थांबणारं लूप टाकायचं. ते संपेपर्यंत 'आफ्टर'वाल्या सर्व्हिस थांबतात.

खटपट्या
म्हणजे 'चेक' स्क्रिप्टच की, दुसऱ्या नावाने!