बाबांनी रेकॉर्डवर चिकटवलेला कागद काढू का? (नंबर सतरा)

भोंगेवाला (मारेगाव)

राम राम मंडळी. प्रश्न लहान आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लांबण लावतो.

१९६९ पासून आमच्या बाबांची लाऊडस्पीकरची सर्व्हिस होती. दोन भोंगे, एक मशीन, बारा व्होल्टची बॅटरी, चावीचा ग्रामोफोन आणि लोखंडी पेटीत एकशे बारा रेकॉर्ड. लग्न असलं की बंडीत कुटार टाकायचं, त्यावर पेटी ठेवायची, आणि बॅटरी बाबा स्वतःच्या मांडीजवळ घेऊन बसायचे. ॲसिड सांडून त्यांच्या दोन धोतरांची जाळी झाली, तरी जागा बदलली नाही. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे निंबावर चढून भोंगा बांधणे. ते माझं.

शेजारच्या गावात दुसरा एक सर्व्हिसवाला होता. तो लग्नात पोट्टे पाठवायचा. ते वाकून रेकॉर्डवरचं नाव वाचून जात आणि पंधरा दिवसांत तीच रेकॉर्ड नागपूरहून त्याच्याकडे आलेली असे. मग बाबांनी एका रात्री सगळ्या रेकॉर्डवर माझ्या वहीचे गोल कापलेले कागद कणकेच्या खळीने चिकटवले आणि निळ्या शाईने नंबर टाकले. कोणता नंबर म्हणजे कोणतं गाणं, ते फक्त त्यांच्या डोक्यात.

त्यातला नंबर सतरा हा पहाटेचा. पाठवणी झाली, वरातीची बंडी वेशीबाहेर गेली की बाबा सतरा लावायचे आणि तो संपला की मशीन बंद. लोक भोंगा ऐकून म्हणायचे, "सतरा लागला, चला." मांडव उठला असा त्याचा अर्थ.

आता खरी गंमत. सर्व्हिस १९८४ ला बंद पडली. कॅसेट आली, बाबांचे गुडघे गेले. पण 'सतरा लागला' आमच्या गावात अजून चालू आहे. मागच्या महिन्यात शाळेमागच्या मैदानात पोट्टे क्रिकेट खेळून राहिले होते. नववी विकेट पडली तसा सीमेवरचा एक बारकासा पोरगा ओरडला, "सतरा लागला रे!" मी त्याला विचारलं, सतरा म्हणजे काय रे? म्हणे, संपलं म्हणजे सतरा. त्याच्या बापानेही ते गाणं ऐकलेलं नसेल.

तर ते गाणं कोणतं, हे आज गावात कोणालाच माहीत नाही. बाबा २००७ मध्ये गेले. चाल मला येते, शब्द येत नाहीत. निंबावरच्या भोंग्यातून शब्द कळायचेच नाहीत, वरचा सूर तेवढा यायचा. मोबाईलला गुणगुणून दाखवलं तर त्याने एकदा भजन दाखवलं, एकदा तेलुगू काहीतरी. रेडिओवर ते कधी लागल्याचं आठवत नाही, म्हणजे पडलेल्या पिक्चरमधलंच असणार. बाबा दुकानात न खपलेल्या रेकॉर्डचा गठ्ठा स्वस्तात आणायचे. ग्रामोफोनची कमान तुटली आहे, आणि रेकॉर्डला काठाकडून बोटभर चीर आहे.

हे सगळं आत्ताच का आठवलं, तर भाच्याने विलायतेतल्या विगन गावच्या नाचाचा एक जुना व्हिडिओ दाखवला. रात्रभर पोरं एकटी एकटी नाचताहेत, गिरक्या घेताहेत, जमिनीवर पडून उठताहेत. गाणी म्हणे अमेरिकेत कोणी विचारली नाहीत अशी. आणि त्यांचे रेकॉर्ड लावणारेही लेबलवर कागद चिकटवायचे! ते पाहून मी पेटी उघडली.

प्रश्न दोन. कागद काढावा का, आणि काढायचा तर कसा? आणि एका ठिकाणी मेलेलं गाणं दुसऱ्या ठिकाणी का जगतं?

लाखेची तबकडी (अकोला)

दादा, आधी हात मागे घ्या. पाणी लावू नका, स्पिरिट तर मुळीच नाही.

रेकॉर्ड जड आहे का? नखाने टिचकी मारली तर खापरासारखी वाजते का? तसं असेल तर ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर घेतात तीच लाख, दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. खाचा जातील. आणि पाण्याने कणकेची खळ सुटेल, पण खालचं लेबलही कागदाचंच आहे, तेही सोबत येईल.

पण कागद काढायची गरजच नाही. लेबलच्या बाहेर, जिथे खाचा संपतात, तिथे गुळगुळीत पट्टी असते. तीत कारखान्याने कोरलेला नंबर असतो. कधी लेबलखाली अर्धा दबतो, पण बहुतेक वेळा वाचता येतो. खोलीत अंधार करा, टॉर्च आडवी धरा, वरून नाही. नंबर इथे टाका, जुन्या सूचीत शोधू. दोन्ही बाजूंचा टाका. तुमचा सतरा म्हणजे कदाचित मागची बाजू असेल.

चिरेवर फेविक्विक लावू नका. लावलं असेल तर सांगू नका, मला झोप येणार नाही.

राजूर कॉलरी

भोंगेवाले भाऊ, मी कोळशात ३४ वर्षं काढली. पुतण्या मँचेस्टरला आहे, म्हणून २०१८ मध्ये विगनला जाणं झालं. मी हट्टाने गेलो, कारण तेही आपल्यासारखंच कोळसा आणि कापसाचं गाव. कापूस अर्थात त्यांचा नाही, तिकडे नुसत्या गिरण्या. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या गाठींना लँकेशायरमध्ये, म्हणजे विगनच्याच मुलखात, सोन्याचा भाव आला होता.

तो नाचाचा हॉल म्हणजे विगन कॅसिनो. जुगाराचा संबंध नाही, जुना बॉलरूम होता. पहिली रात्र २३ सप्टेंबर १९७३, शेवटची ६ डिसेंबर १९८१. रात्री दोनला दार उघडायचं, सकाळी आठला बंद. दारू नाही. पोरं आठवडाभर गिरणीत, खाणीत, कारखान्यात, आणि शनिवारी रात्री पिशवीत टॉवेल, बदलायचा शर्ट आणि टाल्कम पावडरचा डबा घेऊन हजर. पावडर अंगाला नाही, फरशीला. बूट घसरला पाहिजे म्हणून. आता तिथे मॉल आहे. मी आत गेलो, चहा घेतला, महाग होता.

गाणी कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांची, साठच्या दशकातली. त्या प्रकाराला 'सोल' म्हणतात. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीचं बघून शेकडो लहान कंपन्यांनी तशीच जलद ठेक्याची गाणी काढली, आणि बहुतेक पडली. पुढे अमेरिकेची आवड फंक नावाच्या नव्या ठेक्याकडे वळली. उत्तर इंग्लंडातली पोरं मात्र त्या जुन्या ठेक्यावरच अडून बसली. लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाचा रेकॉर्ड दुकानदार होता. फुटबॉलच्या मॅचला आलेली उत्तरेकडची पोरं दुकानात येऊन नवं नको, तेच जुनं मागतात, हे त्याच्या लक्षात आलं. नोकरांना समजावं म्हणून त्याने त्या मालाला नाव दिलं 'नॉर्दर्न सोल', म्हणजे उत्तरेचं सोल. गिऱ्हाईक उत्तरेचं, गाणं नाही.

न चाललेलं गाणं कसं उठतं त्याची दोन उदाहरणं देतो. टॅम्स नावाच्या गटाचं १९६४ चं एक गाणं १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. सात वर्षांनी! आणि ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' १९६५ मध्ये रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघालं आणि पडलं. विगनसारख्या ठिकाणी ते नाचलं गेलं, आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या इंग्रजी जोडीने नव्याने गायलं तेव्हा पहिल्या नंबरवर. २००६ मध्ये रिहानाच्या गाण्यात पुन्हा तेच सूर. ग्लोरियाबाईंचं ते गाणं म्हणजे तुमच्या नंबर सतराची मोठी बहीणच.

कागदाचं म्हणाल तर ती युक्ती विगनचीही नवी नाही. पन्नासच्या दशकात जमैकात साउंड सिस्टिमवाले लेबल खरवडून टाकायचे. तुमच्या बाबांनी निदान वही वापरली.

तिथल्या रात्रीचा शेवटही ठरलेला होता. आठ वाजायच्या आधी तीच तीन गाणी, त्याच क्रमाने. 'थ्री बिफोर एट' म्हणायचे. तुमच्या बाबांचं काम एकातच भागलं.

धुमाल पॅड

मी सरळ बोलतो, राग नका मानू. तुमच्या बाबांनीच ते गाणं मारलं. कागद नसता लावला तं शेजारच्या सर्व्हिसवाल्यानंही वाजवलं असतं, तिकडून वणीले गेलं असतं, आज मले पाठ असतं. मी धुमालमध्ये, म्हणजे गाडीवरच्या ढोलांच्या बँडमध्ये, पॅड वाजवतो. आमच्यात कोणी काही लपवत नाही. एका संदलच्या मिरवणुकीत नवी चाल वाजली की दुसऱ्या दिवशी दहा गाड्यांवर वाजते. कोण्या पिक्चरचं हाये, कोणी गायलं, कोणाले पडली नाही. पब्लिक नाचलं पाहिजे.

अन् जुनं सगळं सोनं होतं असं नाही जी. त्या भोंग्यानं माह्या आबाजीचा एक कान गेला. डीजेनं आता भिंतीले भेगा पडून राहिल्या, तो वेगळा विषय.

चाल गुणगुणून इथं टाका. पॅडवर बसवतो. लग्नसराईत पहाटे वाजवून पाहू, कोणी उठते का.

माहेर मारेगाव (आता दारव्हा)

भोंगेवाले दादा, तुमचं गाव मी ओळखलं. नाव घेत नाही. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात तुमच्याच बाबांचा भोंगा होता, १९७८ च्या वैशाखात. मी तेव्हा अकरा वर्षांची.

सगळे नाचाचं बोलताहेत. आमच्याकडे बायका कुठे नाचल्या? आम्ही मांडवामागे राखेने गंज, म्हणजे पातेली, घासत होतो. सतरा मी तिथेच ऐकला, हात कोपरापर्यंत काळे, आणि ताईची बंडी गेलेली. आई रडत नव्हती, ती उरलेली बुंदी मोजत होती. गाणं लागलं आणि तिने परात खाली ठेवली.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी, कारण तुम्ही निंबावर होता. मी डेगची द्यायला मशीनजवळ गेले होते. तुमचे बाबा बसल्या बसल्या डुलकी घेत होते. रात्रभर जागलेला माणूस. चावी उतरत आली होती. गाणं अर्ध्यानंतर जडावत गेलं, आवाज खाली खाली बसत गेला. शेवटची ओळ तर गायिका नाही, एखादा दमलेला माणूस म्हणतोय असं वाटलं. आमच्या मावशीने डोळे पुसले, म्हणाली, "कशी रडते बाई ती."

पुढच्या तीन-चार लग्नांतही सतरा तसाच ऐकला, शेवटी जडावलेला. त्यामुळे मला वाटतं तुमच्या डोक्यात आहे ती चाल त्या गाण्याची नाहीच. ती उतरलेल्या चावीची आहे. मोबाईल बिचारा काय शोधणार. जलद म्हणून बघा. कदाचित ते हसरं गाणं असेल.

भोंगेवाला (मारेगाव)

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

आईला विचारलं. ती ८१ ची आहे, ऐकू कमी येतं. म्हणाली, "झोपत नाही तं काय करत, दोन दिवस पाठ टेकली नसे त्याहीची." मग म्हणाली, चावी द्यायचं काम खरं तर तुझं होतं. ते खरं आहे. भोंगा सोडायला मी आधीच झाडावर चढून बसायचो, घरी लवकर जायचं म्हणून.

धुमालवाले भाऊ, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. बाबांनी गाणं लपवलं, हे खरंच. पण कागद नसता तर 'सतरा' हा शब्द कुठून आला असता? गाण्याच्या नावाने कोणी मॅच संपवली नसती. चाल पाठवतो, दोन्ही प्रकारे. जलद म्हणून पाहिली तर ती मलाच ओळखू येईना. टांग्यातल्या गाण्यासारखी वाटते. पहाटे वाजवायची तर जडावलेलीच वाजवा.

राजूरवाले काका, लँकेशायरचं वाचून आमच्या घरच्या कापसाचा यंदाचा भाव आठवला. तो विषय इथे नको.

अकोल्याचे दादा, फेविक्विक लावलेलं नाही, निवांत झोपा. कागदाला हात लावला नाही, लावणारही नाही. त्यावर मागच्या बाजूने माझाच चौथीतला सातचा पाढा आहे, उजेडात धरला की दिसतो, आणि सात सक्कं चुकलेलं आहे. तुम्ही सांगितलं तसं रात्री लाईट घालवून टॉर्च आडवी धरली. पट्टीत आकडे आहेत. आधी काही इंग्रजी अक्षरं आहेत, ती अर्धी कागदाखाली गेली आहेत. नंतरचे चार आकडे स्पष्ट लागले, वहीत उतरवून ठेवले. पाचवा ३ आहे की ८, ते ठरत नाही, नेमकी तिथेच चीर आली आहे. उद्या अंगणात उन्हात धरून बघतो आणि सगळे मिळून टाकतो.