दाखला नवऱ्याकडं अडकलाय. मुलाची शाळा आणि केस सोलापुरातून होईल का?

नमस्कार. नाव-पत्ता देत नाही, समजून घ्या. दिवाळीनंतर मुलाला घेऊन पुण्याहून सोलापूरला आले, कायमची. मारहाणीचं इथं उगाळत नाही. "मुलाकडं बघून मिटवून घे" हे भावकीनं सांगून झालंय, तेवढं कृपया नको.

आई विड्या वळते, तिच्याकडंच आहोत. मला अक्कलकोट रोडला गणवेश शिवायचं काम मिळालंय, पीसवर पैसे. सध्या कॉलरवर बसवलंय. टोक नीट निघालं नाही की बाई उसवून परत हातात देतात. तरी आठवड्याचे पैसे हातात पडले की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण शाळांचा सिझन सरला की काम कमी होतं म्हणतात, म्हणून वेगळी खोली घ्यायचं धाडस होईना. त्यात खोलीवाले भाडं सांगायच्या आधी विचारतात, "मालक कुठं असतात?"

खरा घोर मुलाचा. तिसरीत आहे. जुनी शाळा म्हणते, वडिलांची सही आणा, मग दाखला. तो म्हणतो, आधी घरी ये. पोरगं दिवसभर आजीजवळ, पानं कापायच्या कात्रीशी खेळत बसतं.

दाखल्याशिवाय इथं शाळेत घेतील का? केससाठी पुण्याला खेपा घालाव्या लागतील का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत. दागिने आणि माझी बारावीची मार्कलिस्ट तिकडच्या कपाटात आहे, ती मिळेल का?

प्रतिसाद:

ताई, शाळेचं उद्याच करा. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे आठवीपर्यंत, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तोंडी नाही म्हणाले तर लेखी द्या म्हणा, बहुतेक तिथंच सूर बदलतो.

केस सोलापुरातच होईल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, बाई सध्या राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, तात्पुरती राहत असली तरी. खर्च, दागिने, कागदपत्रं सगळं त्यातच मागा. वकील जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न बघत नाहीत. फोन 15100.

मुलाचा तात्पुरता ताबा मात्र पहिल्याच अर्जात लिहून घ्या. तो आदेश हातात नसताना बापानं पोराला शाळेतून परस्पर नेलं, तर पोलिस "घरगुती मामला" म्हणून हात वर करतात.