नववीच्या मुलीने विचारलं: व्हेंटिलेटर काढणं म्हणजे मारणं का?

दहिसरची_टीचर

नमस्कार. मी ख्रिश्चन नाही, पण गेली अकरा वर्षं पश्चिम उपनगरातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे आठवड्यातून एक तास असा असतो की कॅथलिक मुलं सिस्टरांबरोबर कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, दुसऱ्या वर्गात जातात आणि उरलेल्यांना 'व्हॅल्यू एज्युकेशन'. घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, म्हणून ही विभागणी. उरलेले म्हणजे वर्गातले बहुतेक सगळे, आणि ते माझ्या वाट्याला.

तास सोमवारी, मधल्या सुट्टीच्या आधीचा. मुलांचं लक्ष डब्याकडे. या महिन्याचा विषय 'जीवनाचे पावित्र्य'. पुस्तकात दीड पान: जीवन ही देवाची देणगी, देणाराही तो आणि घेणाराही तोच. खाली चौकटीत चार शब्द: गर्भपात, आत्महत्या, दयामरण, फाशी. आणि पुढे 'चर्चा करा'. ज्याने हे 'चर्चा करा' लिहिलं त्याला एकदा नववी ड मध्ये उभं केलं पाहिजे.

मी वाचून दाखवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, ती उठली. "टीचर, दिवाळीनंतर माझ्या आजोबांचं व्हेंटिलेटर काढलं. पप्पांनी सही केली. म्हणजे पप्पांनी आजोबांना मारलं का?"

वर्ग चिडीचूप. मी "नाही गं, तसं नसतं" म्हटलं आणि घंटा झाली. तिला ते पटलेलं नाही हे मला दारातून दिसत होतं.

माझं मत मला माहीत आहे. पण ते दीड पान ज्या धर्माचं आहे त्याचं खरं म्हणणं काय, हे मला पुढच्या सोमवारच्या आत हवंय. सिस्टरांना विचारलं तर त्याची मीटिंग होईल. इथे कुणी कॅथलिक आहे का?

चाळकरी

अकरा वर्षांत तुम्हाला कळलं नाही? तो तास मराठी व्याकरणाला वापरायचा असतो. आमच्या बाई तेच करायच्या.

बाकी एक शंका. दयामरण आपल्याकडे बेकायदा आहे ना? मग पप्पांनी सही कशावर केली?

मरोळ_गावठाण

टीचर, मी मरोळची ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची कॅथलिक. ३१ वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, आता रिटायर. धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण हा प्रश्न आमच्या घरात २०१३ साली शिजलाय. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी उत्तर, कारण पोर ताटकळलीय. नाही, मारलं नाही. आणि हे मी तिच्या समाधानासाठी म्हणत नाही. आमच्या अधिकृत कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या ग्रंथात, २२७८ क्रमांकाचा परिच्छेद आहे. उपचार जाचक झाले, धोक्याचे झाले, किंवा त्यातून जे मिळणार त्याच्या मानाने फारच जड झाले, तर ते थांबवणं योग्य ठरू शकतं. तिथे मरण आणायचा हेतू नसतो. ते आपल्याला थोपवता येत नाही एवढंच मान्य केलेलं असतं. ठरवायचं रुग्णाने, आणि तो शुद्धीत नसेल तर त्याच्या वतीने बोलायचा ज्यांना हक्क आहे त्यांनी. पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की मरण दाराशी आलं तरी नेहमीची शुश्रूषा थांबवायची नाही, आणि वेदनाशामक औषध देता येतं.

हे काही नवीन पोपांनी सैल केलेलं नाही. व्हेंटिलेटर नवीन-नवीन होता तेव्हाच भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना हे विचारलं होतं आणि नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: असाधारण उपाय करत राहायची सक्ती नाही. १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जीवनाच्या पावित्र्यावर मोठं परिपत्रक काढलं, कडक म्हणून प्रसिद्ध, त्यातही असाधारण उपचार नाकारणं म्हणजे आत्महत्या किंवा दयामरण नव्हे असं स्वच्छ आहे. तुमच्या दीड पानात नेमकं हेच गाळलंय.

आता घरचं. माझ्या पप्पांना लिव्हरचा कॅन्सर. एप्रिल संपत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले आता उपाय नाही. एका रात्री धाप वाढली म्हणून जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं, तर तिथे म्हणे लगेच नळी घालून मशीनवर घेऊ, काउंटरवर डिपॉझिट भरा. धाकटा भाऊ मस्कतला. फोनवर रडत होता: "पप्पांसाठी सगळं करा, मी पैसे पाठवतो. जीव देवाने दिलाय, आपण कोण नको म्हणणार?" मी नर्स. शेकडो माणसांना मशीनवर बघितलंय आणि त्यातली कोण परत येणार नाहीत हे नर्सला डॉक्टरच्या आधी कळतं. पण बापाच्या वेळेला माझ्याही तोंडून नाही निघेना. भावाचं वाक्य डोक्यात बसलं होतं, कारण लहानपणी देवळात मीही तेच पाठ केलेलं. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, गोंधळू नका.)

सकाळी आमचे फादर आले, पप्पांना तेल लावून संस्कार दिला आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले. उपदेश नाही केला. विचारलं, "मशीनने लिव्हर बरा होणार आहे का?" म्हटलं नाही. "मग मशीन कुणासाठी?" म्हटलं मस्कतसाठी. ते हसले आणि त्यांनीच भावाला फोन लावला. अर्धा तास बोलले. भावाने शेवटी एवढंच विचारलं की पप्पांना दुखणार नाही ना.

मग पप्पांना वांद्र्याला शांती आवेदना सदनमध्ये हलवलं. माउंट मेरीच्या बाजूला, समुद्राकडे तोंड. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझांनी सुरू केलेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. होली क्रॉसच्या सिस्टर बघतात. ज्यांच्या कॅन्सरवर आता इलाज उरला नाही त्यांनाच घेतात. पैसे घेत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. आमच्या शेजारच्या खाटेवर मालवणीचे एक चाचा होते, त्यांचा मुलगा रोज नमाज तिथेच बाजूला पढायचा.

पप्पा तिथे १९ दिवस होते. मॉर्फिन सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस बोलायला लागला. मे महिना, म्हणजे आमच्याकडे बाटली मसाल्याचे दिवस. भावजयीने ताजा कुटलेला मसाला जॅमच्या बाटलीत भरून नेला, खाता येत नव्हतं म्हणून नुसता वासाला. पप्पांनी बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले. आम्हाला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाले, "यंदा मिरची जाळलीत."

ते शेवटचे १९ दिवस मशीनवर गेले असते तर हे वाक्य आम्हाला मिळालं नसतं. भाऊ आता मस्कतहून आला की पहिल्यांदा मसाल्याची बाटली हुंगतो आणि तेच म्हणतो.

मुलीला एक फरक जरूर सांगा. मशीन काढणं वेगळं आणि माणसाला टाकून देणं वेगळं. परळच्या रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवतात? त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हापासून, नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५, त्या खाटेवर होत्या. शेवटचे काही दिवस सोडले तर त्यांना कुठलं मशीन नव्हतं, श्वास स्वतःचा होता. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना भरवलं. २०११ मध्ये त्यांचं अन्न थांबवावं का हे कोर्टात आलं, तेव्हा परिचारिका नाही म्हणाल्या आणि कोर्टाने त्यांचं ऐकलं. चर्चचं म्हणणंही तेच असतं: अन्नपाणी, नळीने का होईना, ही शुश्रूषा आहे, उपचार नव्हे. २००४ मध्ये पोपनी हे वेगळं सांगितलं होतं.

नोटरीच्या_रांगेत

चाळकरी, विष टोचून मारणं बेकायदाच. उपचार काढून घेणं २०११ च्या अरुणा शानबाग निकालापासून मान्य आहे, तेव्हा हायकोर्टाची परवानगी लागायची. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आधीच लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कुणी केलं नाही. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इच्छापत्र नसलं तरी रुग्णालयात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं आणि नातेवाइकांची संमती, अशी वाट आहे. मुलीच्या पप्पांची सही बहुधा त्या कागदावर. किंवा, जे जास्त घडतं, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो' या कागदावर.

सगळ्या भानगडीचं मूळ शब्दात आहे. वर्तमानपत्रं उपचार थांबवण्यालाही 'इच्छामरण' आणि 'दयामरण' म्हणतात. मग नववीतली पोर घाबरेल नाही तर काय.

स्पष्टच_सांगतो

मसाल्याची गोष्ट छान. पण टीचर, चौकटीतला पहिला शब्द विसरू नका. म्हाताऱ्यांच्या बाबतीत एवढा समजूतदार असणारा हा धर्म बाईच्या बाबतीत का नसतो? सविता हलप्पनवार, आपल्या बेळगावची. ऑक्टोबर २०१२, आयर्लंड. १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे ठरलेलं, तिने गर्भपात मागितला, तर ठोके सुरू आहेत म्हणून नाही म्हणाले. रक्तात विष पसरून गेली. ३१ वर्षांची होती. २०१८ मध्ये आयरिश लोकांनीच मतदान करून घटनेतली गर्भपातबंदीची तरतूद काढली. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे, २०२१ मध्ये काही बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांवर नेली. वर्गात चर्चा करायचीच तर हीपण करा.

मरोळ_गावठाण

करावीच. मी तुमच्याशी भांडणार नाही.

शिकवणीत एवढं आहे की आईच्या जिवावर बेतलेल्या आजारावर जो उपचार लागतो तो द्यायचा, त्यात पोटातलं मूल वाचणार नाही हे दिसत असलं तरी. मुद्दाम मूल काढणं मात्र मान्य नाही, कुठल्याच कारणाने. सविताच्या वेळी डॉक्टर कायद्याला बिचकून ठोके थांबायची वाट बघत राहिले. पुस्तकात हा फरक एका ओळीचा. ड्यूटीवर रात्री दोनला तो एका ओळीचा राहत नाही, हे मी लेबर वॉर्डात सात वर्षं बघितलंय. माझा विश्वास आहे की गर्भातला जीवही जीव आहे. आणि सविताच्या आईबापांसमोर ते वाक्य मला उच्चारता येणार नाही. दोन्ही खरं आहे, कुठलं काढून टाकू?

पण टीचरांच्या वर्गात एक मुलगी बापाकडे बघून जेवत नसेल. आधी तिचं बघू या. चौथ्या शब्दाचं सोपं आहे: फाशी चालत नाही असं २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझममध्येच बदलून घेतलं. तुमचं पुस्तक त्याआधीचं दिसतंय.

दहिसरची_टीचर

सगळ्यांचे आभार. काल सोमवार झाला.

पुस्तक बंद ठेवलं. फळ्यावर चार शब्द लिहिले आणि 'दयामरण'च्या खाली रेघ मारून 'उपचार थांबवणे' वेगळं लिहिलं. मरोळच्या ताईंची गोष्ट नाव न घेता सांगितली. मिरची जाळलीत, याला वर्ग खूप हसला. मग १९५७ सांगितलं, २२७८ सांगितला, आणि म्हटलं की हे तुमच्या पुस्तकामागच्या ग्रंथातच आहे, मी मनचं सांगत नाही. एका मुलाने विचारलं, मग पुस्तकात का नाही? म्हटलं, दीड पानात मावलं नसेल. गर्भपाताचा शब्द मी पुढच्या महिन्यावर ढकलला. हो, पळ काढला. सविताचं नाव मात्र वहीत लिहून ठेवलंय.

ती मुलगी तासभर मान खाली घालून पेनाचं टोपण उघडत-मिटत होती. घंटा झाली, सगळे डब्यांकडे पळाले, ती टेबलापाशी आली.

"टीचर, मशीन काढल्यावर पण पाणी द्यायचं असतं ना?"

हो म्हटलं. शेवटपर्यंत.

"मी दिलं होतं. कापसाने. आजीने तुळशीचं पान ठेवलं, त्याच्या आधी."

आणि डबा घ्यायला गेली.

संध्याकाळी सिस्टरांना सगळं सांगून टाकलं. मीटिंग झाली नाही. त्यांनी २२७८ काढून वाचला, चष्मा पुसला, आणि पुढच्या वर्षी हे दीड पान बदलायचं म्हणाल्या. ते काम आता माझ्याकडेच आलंय, म्हणजे अकरा वर्षांत मी काहीच शिकले नाही हे चाळकरींचं म्हणणं खरं ठरलं.