वयाने मोठ्या सहकाऱ्याला चूक कशी सांगावी?

खतावणी
खरेदी रजिस्टर आणि जीएसटीची 2बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) यांची जुळवणी ऑफिसातले एक काका करतात, अनुभव दांडगा. तरी दर महिन्याला चार-पाच बिलं जुळत नाहीत. शोधलं की कळतं, बिल नंबर 0047 चा नुसता 47 झालाय. ग्रुपवर लिहिलं तर दोन दिवस अबोला. न दुखावता सांगायचं कसं?

लाल_पेन
ग्रुपवर नकोच. चारचौघांत चूक दाखवली की माणूस शीटकडे बघत नाही, त्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघतो.

मग वेळ. मासिक रिटर्न असेल तर 2बी 14 ला येते, 3बी म्हणजे रिटर्न भरायची मुदत 20. एकोणीसच्या संध्याकाळी कुणालाही काही सांगू नये. 15 किंवा 16 ला, त्यांच्या टेबलापाशी बसून.

आणि आधी कारण शोधा. हा हलगर्जीपणा नाहीये. एक्सेलचा कॉलम 'जनरल' असला की पुढची शून्यं गळतात. डेटा टाकण्याआधी तो 'टेक्स्ट' करायचा. नंतर केला तर गेलेलं शून्य परत येत नाही. म्हणजे "काका, एक्सेल शून्यं खातंय, हे बघा" असं म्हणता येतं, आणि ते खरंही आहे.

आडवी_बेरीज
शब्दांकडे लक्ष द्या. मराठीत सगळ्यात जास्त टोचतो तो 'च'. "तुमच्याच शीटमध्ये नेहमीच होतं" यातले दोन 'च' काढा, 'नेहमी'च्या जागी "या महिन्यात 4 बिलं" म्हणा. भांडणाचं वाक्य कामाचं होतं.

"छान झालंय, पण..." हेही टाळा. 'पण' आला की आधीचं कौतुक पुसलं जातं. स्तुतीच्या पावात टीकेचा वडा घालून दिला, तरी खाणाऱ्याला वडा कळतोच.

खतावणी
एक्सेलचं पटलं. पण काही चुका खरंच त्यांच्या असतात. बाहेरच्या जेवणाच्या बिलांवर क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतात, आणि आमचा धंदा काही खानपानाचा नाही.

लाल_पेन
मग सरळ सांगा: "काका, जेवणाच्या 3 बिलांवर क्रेडिट घेतलंय. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये ते अडतं. वापरलं गेलं तर 18 टक्के व्याजासकट भरावं लागेल. आज काढून टाकूया का?" बिलं समोर ठेवा. एवढं बोलून गप्प बसा. "तसं काही नाही हो, चालायचंच" असं लगेच पुटपुटलात तर सांगितलेलं वाया गेलं.

आडवी_बेरीज
यात भर: उत्तर माहीत असताना "हे 17(5) मध्ये येतं ना?" असं विचारू नका. मोठ्या माणसाला तोंडी परीक्षा घेतल्यासारखं वाटतं.

आणि त्या बैठकीत एकच मुद्दा. शून्यं आणि क्रेडिट एकाच दिवशी काढू नका. पुढच्या महिन्यात नंबर नीट जुळले की ते मात्र ग्रुपवर लिहा.