‘विजिगीषू वृत्ती’ला आपल्याकडं काय म्हणतात?

टिळकवाडी, बेळगाव: भारताची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य असतं: ‘संघाने विजिगीषू वृत्तीचे दर्शन घडवले.’ हरले तर ‘विजिगीषू वृत्तीचा अभाव जाणवला.’ शब्द भारदस्त आहे, पण व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्यात लिहिणारेही एकमताचे नाहीत. कुणी विजिगिषु, कुणी विजीगिषू, एकानं तर ‘विजिगीषा वृत्ती’ लिहिलेलं पाहिलं. मूळ शब्द कोणता? आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बोलताना यासाठी काय म्हणतात? ‘जिद्द’नं काम भागतं का?

खानापूर: मूळ धातू ‘जि’, म्हणजे जिंकणे. त्याचं इच्छादर्शक रूप जिगीषा, ‘वि’ लागून विजिगीषा. हे नाम. ती ज्याच्यापाशी आहे तो विजिगीषू. सुटा लिहिताना शेवटचा ‘षू’ दीर्घ, ‘विजिगीषुवृत्ती’ असा जोडून लिहिला तर ‘षु’ ऱ्हस्व. ‘गी’ मात्र दोन्हीकडं दीर्घच. ‘पोरांत विजिगीषू पाहिजे’ हे चूक, विजिगीषा पाहिजे. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षा याच घराण्यातल्या. शुश्रूषासुद्धा! तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, आपण तिला नेऊन दवाखान्यात बसवलं.

आता बघा, शब्दात नुसती इच्छा आहे, जिंकण्याची हमी नाही. १९७४ साली लॉर्ड्सवर ४२ धावांत गुंडाळलेल्या संघाला काय इच्छा नव्हती? तीन वर्षं आधी त्याच इंग्लंडला ओव्हलवर वाडेकरांच्या संघानं हरवलं होतं. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेतले होते. कप्तान तोच, बरेचसे खेळाडूही तेच.

निपाणी: जिद्दीबद्दल थोडं. मराठीत जिद्द म्हणजे कौतुक, हिंदीत ज़िद म्हणजे हट्ट आणि आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘जिद्दु’ म्हणजे वैर, चुरस. कन्नड पेपरात निवडणुकीच्या बातमीत ‘जिद्दाजिद्दी’ हमखास असतं. आपण जिला जिद्द म्हणतो तिला ते ‘छल’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की मराठी माणसाला छळ वाटतो आणि संस्कृत शिकलेल्याला कपट. कन्नडमध्ये महाभारत लिहिणाऱ्या पंपकवीनं दुर्योधनाला छलात पहिला नंबर दिलाय, ही ओळ कन्नड शाळेत शिकलेल्या माझ्या मित्रांना तोंडपाठ आहे. पण दुर्योधन हरला ना शेवटी! म्हणून मला जिद्द अपुरी वाटते.

जाता जाता एक गंमत. पुण्याहून आलेले आमचे पाहुणे टीव्हीपुढं बसले होते. शेजारचे काका दारातून कन्नडमध्ये ओरडले, ‘इंडिया गेल्तैति!’ म्हणजे इंडिया जिंकते. पाहुण्यांनी ‘गेलं’ ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

वडगाव: आमची आजी ‘ईर’ म्हणते. ‘इरेला पेटलंय पोरगं.’ पुस्तकी ईर्षा म्हणजे मत्सर, पण ईर्षेनं खेळणं हे आमच्यात चांगलंच समजतात. आणि उलट शब्द घ्या की, कच खाणे! तो जास्त नेमका आहे. २०१७ ची महिला विश्वचषकाची फायनल आठवा. २२९ करायचे होते, ३ बाद १९१ पर्यंत सगळं सुरळीत, मग पुढचे सात गडी २८ धावांत. नऊ धावांनी गेली मॅच. स्मृती मानधना आपल्या शेजारच्या सांगलीची, त्यामुळं आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. त्याउलट २०२५ ची सेमीफायनल. ऑस्ट्रेलियापुढं ३३९ चं लक्ष्य, जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद. फायनलही जिंकली. मधल्या आठ वर्षांत इच्छा वाढली असं मला वाटत नाही. कच खाणं कमी झालं.

मुंबई (मूळ शहापूर): वडगावच्या ताईंशी सहमत. मुंबईच्या क्रिकेटचा एक शब्द कसा विसरलात सगळे? खडूस! एरवी खडूस म्हणजे तुसडा, कुजकट माणूस. मैदानावर मात्र ती शाबासकी. विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकट एक धाव द्यायची नाही. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडं होता, तो या खडूसपणावरच.

शहापूर, आखाडा गल्ली: खडूस ठीक आहे ओ, पण ते न हरण्याचं झालं. जिंकण्याचं कुठं हाय त्यात? आमच्या मैदानाच्या पोस्टरवर काय छापतात वाचा: ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’. निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागलीच पाहिजे. दोन पैलवान नुसते मानेला मान लावून रेटारेटी करायला लागले की कडेनं शिट्ट्या सुरू. पंच खांदे धरून दोघांना मधी ओढतो आणि दम देतो, ‘खेळा, नाहीतर बरोबरीत सोडवीन, इनाम निम्मं.’ बरोबरीत सुटलेला पैलवान खाली मान घालून कपडे घालतो. हरलेला तरी लोकांकडं बघतो.

आता क्रिकेट. भारत-पाकिस्तान १९५४-५५ मध्ये पाच कसोट्या, पाचही अनिर्णित. १९६०-६१ ला पुन्हा पाच, पुन्हा पाचही अनिर्णित. १९६३-६४ ला इंग्लंड आपल्याकडं आलं, तेव्हाही पाचपैकी पाच. हरलो तर नाक कापलं जाईल, ही भीती. मी तरी ‘निकाली खेळणं’ म्हणीन. ऑस्ट्रेलियात गब्बाच्या मैदानावर २०२१ मध्ये ड्रॉ झाला असता तरी बॉर्डर-गावसकर करंडक आपल्याकडंच राहणार होता. तरी ३२८ च्या मागं लागले आणि पंतनं ८९ करून संपवलं. त्या दिवशी सरदार्स मैदानाच्या कट्ट्यावर पोरं म्हणत होती, ‘आज सोडूचं न्हाई.’ हा घ्या तुमचा बोलीतला शब्द.

खानापूर: ‘निकाली’ला माझी हरकत नाही, उलट सुरेख आहे. पण गब्बाच्या आधीचा सामना सोडून दिलात. सिडनीला विहारीचा स्नायू दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली, दोघांनी चाळीसहून जास्त षटकं काढून सामना वाचवला. तुमच्या पंचांनी त्यांचं इनाम निम्मं केलं असतं! आणि तो वाचला नसता तर गब्बाला नुसत्या ड्रॉवर करंडक राहिला नसता. ‘विजिगीषू’ हा शब्द ज्यानं राजनीतीत पक्का केला त्या कौटिल्याकडं जा. त्याच्या विजिगीषूपाशी सहा मार्ग आहेत, त्यांत विग्रह म्हणजे लढणं आहे तसं ‘आसन’ही आहे. वेळ आपली नसेल तर दबा धरून बसायचं. सिडनी हे आसन, गब्बा हे यान, म्हणजे चाल करून जाणं. १९६० च्या ड्रॉमध्ये आणि सिडनीच्या ड्रॉमध्ये हा फरक. पहिल्यात बसणं हाच बेत होता.

शहापूर, आखाडा गल्ली: हे पटलं सर. कुस्तीतपण दम घ्यायला खाली बसतातच की, पट काढायच्या आधी. पण मग पेपरवाल्यांनी प्रत्येक मॅचला विजिगीषू का लावायचं?

निपाणी: कारण चार कॉलमच्या मथळ्यात बसतो आणि कुणी अर्थ विचारत नाही. आणि ‘निकाली’ आपल्या जिल्ह्यात जरा जपून वापरा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

टिळकवाडी: 😄 बरं, मग असं लिहून ठेवतो. विजिगीषा: नाम, लेखी. ईर, इरेला पेटणे: चुरशीसाठी, घरात चालणारा. खडूस: मुंबईचा, बचावाचा. निकाली खेळणे: धोका पत्करून जिंकायला जाणे, आखाड्यातून आलेला. ‘कच खाणे’तला हा ‘कच’ कुठला ते कुणी सांगेल का? देवयानीचा नक्कीच नसणार.