टूथब्रशच्या गोष्टीखाली एथेल स्माइथ यांचे संगीत दडपले गेले आहे का?

अनवट (धागाकर्ता)

एथेल स्माइथ (१८५८–१९४४) या इंग्रज संगीतकार बाईंविषयी काहीही वाचायला घेतले, की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात लंडनच्या होलोवे तुरुंगातला टूथब्रश हजर होतो. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीसाठी मार्च १९१२ मध्ये लंडनमध्ये आंदोलक बायकांनी ठिकठिकाणी खिडक्यांच्या काचा फोडल्या. त्यांत स्माइथबाईंनी वसाहतमंत्री लुइस हारकोर्ट यांच्या घराच्या खिडकीवर दगड मारला, त्यांना दोन महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले सुमारे तीन आठवडे त्या आत होत्या. त्यांना भेटायला गेलेले संगीत-संचालक टॉमस बीचम यांनी पुढे सांगितले, की खाली चौकात कैदी बायका ‘मार्च ऑफ द विमेन’ हे गीत गात फेऱ्या घालत होत्या आणि वरच्या खिडकीतून बाई टूथब्रशने त्यांना ताल देत होत्या. गाण्याची चाल अर्थातच बाईंचीच होती.

गोष्ट झकास आहे यात शंका नाही. तिच्या जोडीला घोड्यावरून केलेली शिकार, टेनिस, गिर्यारोहण, बायकांनी सायकलवर बसावे की नाही याची चर्चा चालू असतानाच धरलेली सायकल आणि म्हातारपणापर्यंत न सुटलेले गोल्फ हेही असतेच. माझा आक्षेप असा, की या सगळ्याने बाईंची एक ‘वल्ली’ तयार झाली. वल्ली हा शिक्का एकदा बसला, की त्या माणसाचे किस्से सांगितले जातात, काम मात्र कोणी तपासत नाही. रशियन संगीतकार चायकोव्हस्की १८८८ मध्ये जर्मनीतल्या लायप्झिगला त्यांना भेटले होते. गांभीर्याने घ्याव्यात अशा मोजक्या स्त्री-संगीतकारांत त्यांनी बाईंची गणना केली आहे. पण त्याच टिपणात बाईंचा कुत्रा, शिकारीचे वेड आणि जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्यावरची (चायकोव्हस्कींच्या मते अनाकलनीय) भक्ती यांचे खुसखुशीत वर्णन आहे. पुढच्या लेखकांनी कुत्रा उचलला आणि गणना सोडून दिली.

परिणाम पाहा. त्यांचा ‘मास इन डी’ (चर्चच्या उपासनेच्या शब्दांवरची समूहगान आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) जानेवारी १८९३ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. तो पुन्हा सादर व्हायला १९२४ साल उजाडले. त्यांची ‘डेअर वाल्ड’ ही संगीतिका १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात झाली. त्या रंगमंचावर स्त्रीने रचलेली पुढची संगीतिका आली ती थेट २०१६ मध्ये. मला वाटते, बाईंच्या आयुष्यातले हे वैविध्य त्यांच्या संगीताच्या मुळावर आले, आणि निदान आपण तरी त्यांच्यावर लिहिताना गोल्फ आणि टूथब्रश काही काळ बाजूला ठेवावेत.

पायवाट

धागा आवडला, निष्कर्षाशी मात्र साफ असहमत आहे.

अल्बर्ट हॉलमधला ‘मास’ एकतीस वर्षे पडून राहिला तो बाई गोल्फ खेळत म्हणून नव्हे. कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळ्यांना स्त्रीची मोठी रचना वाद्यवृंदापुढे ठेवण्याची गरजच वाटत नव्हती, आणि बाई घरात बसून विणकाम करणाऱ्या असत्या तरी ती वाटली नसती. तुम्ही रोगाचे खापर रोग्याच्या छंदांवर फोडत आहात.

दुसरे म्हणजे बाईंचे मैदान आणि बाईंचे संगीत या दोन वेगळ्या खोल्या आहेत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्यांचे वडील लष्करातले जनरल होते आणि मुलीने संगीत शिकायला जर्मनीला जाणे त्यांना अजिबात मान्य नव्हते. मुलीने चर्चला जाणे बंद केले, घरच्यांशी बोलणे टाकले, स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि १८७७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, लायप्झिग गाठले. तिथले विद्यालय मनास येईना तेव्हा वर्षभरात ते सोडून त्यांनी हाइनरिश फॉन हर्झोगेनबर्ग यांच्याकडे खासगी शिकवणी धरली. १९०६ मध्ये त्याच लायप्झिगमध्ये त्यांची ‘द रेकर्स’ ही संगीतिका प्रथम झाली. संचालकाने तिसऱ्या अंकाला लावलेली कात्री मागे घ्यायला नकार दिला, तेव्हा बाई वाद्यवृंदाच्या जागेत उतरल्या, प्रत्येक वादकाच्या स्टँडवरची पाने गोळा केली, संचालकाची मूळ संहिताही काखोटीला मारली आणि सगळे बाड घेऊन प्रागची गाडी पकडली. कुंपणावरून घोडा घालताना कचरायचे नसते, हे ज्या शरीराला ठाऊक आहे तेच हे करू शकते. (प्रागचा प्रयोगही फसला, तो भाग वेगळा.)

आणि दगडाचे काय? आंदोलनाच्या नेत्या एमेलीन पँकहर्स्ट यांना दगड फेकायला शिकवले ते स्माइथबाईंनीच, वोकिंगजवळच्या माळरानावर. बाईंनीच लिहून ठेवले आहे, की पँकहर्स्टबाईंचा पहिला दगड पुढे जायच्या ऐवजी मागे सुटला आणि बाईंचा कुत्रा थोडक्यात वाचला. पुढाऱ्याला धड दगडही फेकता येत नाही आणि संगीतकाराला तो नेमका येतो, हे खेळण्याच्या सवयीतून आले आहे. ती सवय काढून टाकली तर उरते काय? ब्राम्सच्या वळणाने लिहिणारी एक हुशार विद्यार्थिनी.

काठावरचा

दोघांनीही पैशाचा विषय टाळला आहे, म्हणून लिहितो.

घोडा, टेनिस, लायप्झिगचे शिक्षण, गोल्फच्या मैदानाजवळचे घर या सगळ्यांना पैसे पडतात. ‘मास’ अल्बर्ट हॉलपर्यंत पोहोचला तो फ्रान्सची माजी सम्राज्ञी युजेनी शेजारी राहत होती आणि तिने वजन खर्च केले म्हणून. वोकिंगचे ते घर उभे राहिले ते मेरी डॉज या धनाढ्य अमेरिकन मैत्रिणीच्या पैशावर. ‘बहुरंगी आयुष्य’ म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती पुष्कळदा वर्गाने दिलेली मोकळीक असते.

तुरुंगाचेही तेच. याच आंदोलनातल्या लेडी कॉन्स्टन्स लिटन यांना हृदयविकाराचे कारण दाखवून सोडून देण्यात आले, तेव्हा त्यांनी जेन वॉर्टन नावाच्या गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईचे सोंग घेतले आणि जानेवारी १९१० मध्ये लिव्हरपूलला पुन्हा अटक करवून घेतली. तिथे कोणी त्यांचे हृदय धड तपासले नाही. नळी घालून बळजबरीने अन्न भरले. एकच बाई, एकच हृदय, फक्त नाव आणि कपडे वेगळे. खिडकीत उभे राहून टूथब्रश हलवता येईल असा तुरुंग प्रत्येकीच्या वाट्याला येत नव्हता, हे त्या किश्श्यावर हसताना ध्यानात असावे.

अनवट

@काठावरचा, लिटनबाईंचे उदाहरण चपखल आहे, पण ते माझ्याच बाजूने जाते. सम्राज्ञीच्या वजनाने एक प्रयोग मिळाला, दुसरा नाही. म्हणजे पैसा आणि ओळख यांनी दार उघडले, तरी आत बसू दिले नाही. ते का, हाच माझा प्रश्न आहे.

@पायवाट, कुंपण आणि घोडा ही उपमा वाचायला छान आहे, पण तिच्यात एक जुना सापळा आहे. बाईंच्या काळचे समीक्षक नेमके हेच करत: रचना जोरकस असली की ‘पुरुषी’, हळुवार असली की ‘शेवटी बाईच’. नाटककार बर्नार्ड शॉ यांनी १९२४ मध्ये ‘मास’ ऐकल्यावर बाईंना पत्र लिहून कबूल केले, की पुरुषांची कामे बायकांना जमत नाहीत हा त्यांचा भ्रम या संगीताने कायमचा घालवला. स्तुतीच आहे, पण मोजपट्टी तीच! रचनेतला जोर स्वरलेखनात, वाद्ययोजनेत, समूहगानाच्या बांधणीत दाखवता येतो. त्यासाठी शिकारीच्या घोड्याची साक्ष काढावी लागत असेल, तर आपण संगीत ऐकतच नाही असा त्याचा अर्थ होतो. शिवाय धीट असणारा प्रत्येक माणूस घोडेस्वार नसतो आणि प्रत्येक घोडेस्वार काही ‘द रेकर्स’ लिहीत नाही.

शुद्धसारंग

या चर्चेत ज्या गाण्यावरून सुरुवात झाली ते गाणेच मागे पडले आहे.

‘मार्च ऑफ द विमेन’ हे कामातून फुरसत काढून केलेले फुटकळ गीत नाही. बाई १९१० मध्ये आंदोलनात आल्या, दोन वर्षे त्यालाच द्यायची असे ठरवून आल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी ही चाल बांधली. मूळ धून इटलीतल्या अब्रुत्सी प्रांतात ऐकलेल्या लोकगीतावरून सुचलेली होती. चाल आधी तयार झाली आणि सिसिली हॅमिल्टन यांनी तिच्यावर शब्द बसवले. बांधलेल्या चालीवर शब्द बसवणे किती जिकिरीचे असते हे आपल्याकडच्या कुठल्याही गीतकाराला विचारा. जानेवारी १९११ मध्ये ते पहिल्यांदा गायले गेले. ज्या बायकांनी कधी समूहात गायलेले नाही, त्यांना रस्त्यावर चालता चालता गाता यावे, धाप लागली तरी ओळ तुटू नये, एवढ्या अटी पाळून केलेली ही रचना आहे. आठ आवाजांचे चर्चसंगीत लिहिणाऱ्याला हे आपोआप जमते असे नाही.

पुढे १९१६ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘द बोसन्स मेट’ या विनोदी संगीतिकेच्या प्रारंभीच्या वाद्यसंगीतात बाईंनी हीच चाल गुंफली. म्हणजे आंदोलन एकीकडे आणि ‘खरे’ संगीत दुसरीकडे, ही विभागणी त्यांनी स्वतः मानलेली नाही. त्यामुळे अनवट यांची बाजूला ठेवण्याची सूचना मला पटत नाही. पण पायवाट यांचे गोल्फही मला त्यात कुठे ऐकू येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, यापलीकडे त्यांचा संबंध जोडायची घाई कशाला?

आणि किस्साच हवा असेल तर टूथब्रशपेक्षा हा सांगावा: मार्च १९३० मध्ये लंडनला संसदेजवळ पँकहर्स्टबाईंच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा डॉक्टरेटचा झगा घालून स्माइथबाईंनी हेच गीत वाजवून घेतले, आणि वाजवणारे पथक होते लंडनच्या महानगर पोलिसांचे. अठरा वर्षांपूर्वी काचा फोडणाऱ्या बायकांना पकडून नेणारे खाते ते हेच.

पायवाट

पोलीस पथकाचा प्रसंग ठाऊक होता, पण या चर्चेत तो इतका बरोबर बसेल असे वाटले नव्हते.

एक मुद्दा मात्र अनवट यांच्याकडून राहतो आहे. ही ‘वल्ली’ इतरांनी बनवलेली नाही. पहिल्या महायुद्धात बाई फ्रान्समध्ये विशी येथील लष्करी रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करत होत्या. त्याच सुमारास कान दगा देऊ लागले. ऐकू येईनासे झाले तशी लेखणी हातात आली. १९१९ मध्ये आठवणींचे पहिले पुस्तक निघाले आणि पुढे अशी एकूण दहा झाली. कुत्रे, घोडे, गोल्फ, मैत्रिणी, भांडणे हे सगळे त्यांनीच मिटक्या मारत लिहिले आहे. पँकहर्स्टबाईंच्या मागे सुटलेल्या दगडाची गोष्टही आपल्याला त्यांच्याचकडून कळते. ज्या बाईने स्वतःला संपूर्णपणे लोकांपुढे ठेवले, तिचे अर्धे आयुष्य तिच्याच भल्यासाठी झाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

अनवट

झाका असे मी म्हटलेले नाही, क्रम बदला एवढेच म्हणतो आहे.

त्यांची ‘द प्रिझन’ ही शेवटची मोठी रचना १९३१ मध्ये एडिंबरोला प्रथम सादर झाली. एक कैदी आणि त्याचा आत्मा यांच्यातला तो संवाद आहे, दोन गायक आणि समूहगान अशा बांधणीचा. शब्द त्यांचे दिवंगत स्नेही हेन्री ब्रूस्टर यांच्या लेखनातून घेतलेले. त्या सुमारास बाईंचे कान जवळजवळ गेलेले होते. या रचनेचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण २०२० मध्ये आले आणि पुढच्या वर्षी तिच्या गायकांना ग्रॅमी मिळाले. १९३१ ते २०२० या काळात टूथब्रशची गोष्ट किती वेळा छापून आली असेल याचा हिशेब पायवाट यांनीच करावा. दहा पुस्तके बाईंनी लिहिली हे खरे, पण ती लिहिताना आपल्या संहिता कपाटात पडून राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती असे त्यांतल्या एकाही पानावरून दिसत नाही. उलट प्रयोग मिळावेत म्हणून संचालकांच्या दारांत किती वेळा उभे राहावे लागले, याचा राग त्यांत जागोजागी आहे. किश्श्यांवर प्रेम करणाऱ्या वाचकांनी ती पानेही तितक्याच आवडीने वाचावीत.